अनसामायचं बियाणं

अनसामायने मला फसवलं. ठरलं होतं दोन बोरे जिवंत बियाणं, तिने दिलं उकडलेलं धान. बदल्यात कबूल केलेल्या छपराच्या बारा टिना मी तिच्या गोठ्यावर आधीच चढवून दिल्या होत्या. हे पहिल्यांदा लिहून टाकतो, कारण एकोडीच्या पुढच्या त्या टोलीत ही गोष्ट उलट्या बाजूने सांगतात आणि त्यात राक्षस मी निघतो.

ती माझी कोणी लागत नव्हती. मी अड्याळच्या बाजारात पाठीवर धानाचे बोरे वाहून सुरुवात केली. पुढे दलाल झालो, मग एकोडीच्या रस्त्यावर स्वतःची राईस मिल टाकली. मला कोणी काही फुकट दिलं नाही, म्हणून मीही कोणाला काही सोडत नाही. तिची माझी ओळख झाली तीच मुळी माझं नुकसान करून.

तलावाच्या पाळीखाली वीस-पंचवीस घरांची ती टोली. तिथला एक शेतकरी ट्रॉली भरून धान घेऊन मिलवर आला होता. मी मूठभर धान हातात घेतलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "ओल आहे." ओल आहे म्हटलं की भाव उतरतो. माझ्या धंद्यातलं ते पहिलं वाक्य आहे. तेवढ्यात ट्रॉलीच्या मागून एक उंच, हाडकुळी म्हातारी खाली उतरली. तिने बोऱ्यातला एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला. कट्ट असा आवाज झाला, तो मिलच्या पट्ट्याच्या खडखडाटातही ऐकू आला.

"कोठं हाय ओल?" ती म्हणाली. "माह्या दाताले तं नाही लागली. तुह्या तोंडाले सुटली असन."

शेतकरी हसला, माझे हमाल हसले. मी म्हणालो, "बुढे, तू मधात पडू नको."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता, बोटात अंगठी होती. ती मात्र माझ्या मानेकडे पाहत होती. "तू अड्याळच्या बाजारात बोरे वाहे ना रे? मानेवरचा घट्टा अजून गेला नाही तुहा." आणि हमालांकडे वळून, "हा तुमच्यातलाच हाय बाप्पा. याले भिऊ नका."

त्या दिवसापासून ती मला बोरेवाला म्हणू लागली. मिलचं नाव, माझं नाव, शेठ, भाऊ, काही नाही. बोरेवाला. तिचं ऐकून टोलीतली शेंबडी पोरंही म्हणत.

तिच्या तोंडात दोनच दात उरले होते, वरचा एक आणि खालचा एक, बरोबर समोरासमोर. "कामापुरते ठेवले देवानं," असं ती म्हणायची. दिसेल तो दाणा त्या दोन दातांत धरायची. लग्नाच्या पंगतीत बसली तरी आधी कोठीवर जाऊन तांदूळ चावून यायची आणि यजमानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "दोन वर्सं जुना हाय, किडा लागून गेलेला." माणसाच्या अब्रूची तिला पर्वा नव्हती. दाण्याच्या अब्रूची होती.

तिच्या घराच्या मागच्या खोलीत धान साठवायच्या बांबूच्या ढोल्या होत्या, शेणामातीने लिंपलेल्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक ढोलीच्या गळ्याला त्या त्या धानाची एक लोंबी बांधलेली. सासूने तिच्या हाती अकरा ढोल्या दिल्या होत्या. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेलो तेव्हा चारच भरलेल्या होत्या. बाकीच्या रिकाम्या ढोल्या तिने मोडल्या नव्हत्या, त्यांच्या गळ्यातल्या लोंब्याही सोडल्या नव्हत्या. एकेका ढोलीवर हात ठेवून ती सांगायची, "ही पिवळी लुचई. एक साल पाऊस रुसला, याच्यातली मूठभर बी घरी आली नाही. ही काळी कमोद. तलाव फुटला त्या साली बांधीतच सडली. ही हिरानक्खी. माह्या मोठ्या सुनेनं कोंबड्याले टाकली." सून शेजारी उभी असली तरी हे वाक्य चुकायचं नाही. सुनेचे केस पांढरे झाले होते.

राहिलेल्या चारांत एक होतं डिंकी. गडद तपकिरी टरफल, लांब कुसळ, आतला दाणा खडूसारखा पांढराफटक. शिजला की असा चिकटायचा की भाताची ढेकळं हातानेच तोडून खावी लागत. झाड माणसाच्या छातीइतकं वाढायचं आणि वाऱ्यात लोळायचं. पिकायला इतका वेळ घ्यायचं की बाकीच्यांच्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, धान कापून, मळून घरी गेलेलं असायचं आणि तलावाचं शेवटचं पाणी एकटं डिंकी पीत उभं असायचं. लवकर येणारं हलकं धान आणि कापणीचं मशीन आल्यावर असलं धान कोण लावणार? पण टोलीत रोवणी संपायच्या दिवशी बांधावर बायांच्या हातात डिंकीचाच मुटका पडायचा, गूळ घालून वाफवलेला. त्या एका मुटक्यासाठी घरटी एखादी तरी बांधी डिंकीची असायची, आणि बियाणं अनसामायकडून यायचं.

ते न्यायची रीत अशी. अक्षय तृतीयेच्या, म्हणजे तिजीच्या, सकाळी रिकामी पायली घेऊन जायचं. ती भरून द्यायची आणि वरून हाताने सपाट करायची. कापणी झाली की एक पायली आणि वर एक मूठ परत द्यायची. ती मूठ ज्याचं त्या साली बुडालं त्याच्यासाठी. पैसा नाही, वस्तू नाही. कोणाचा कोण, तेही विचारायचं नाही. मात्र परत आलेला दाणा ती चावून पाहायची आणि भेसळ निघाली की सगळी टोपली अंगणात उधळून द्यायची. तिच्या सख्ख्या भाच्याची टोपली तिने उधळलेली मी पाहिली आहे. त्याची बायको आणि तो दोघं मातीतून दाणे वेचत होते आणि ही ओट्यावर बसून सुपारी कातरत होती.

यापेक्षा वाईट तिने कौसाबरोबर केलं. कौसा तिची शेजारीण, भिंतीला भिंत. एका साली कौसाचा नवरा आजारी पडला, घरातलं खायचं संपलं, आणि पेरणीच्या आधी तिने पायलीभर डिंकी शिजवून लेकरांना घातलं. कापणीनंतर ती दुसऱ्याच कुठल्या तरी धानाची पायली भरून आली. अनसामायने एक दाणा चावला आणि थुंकला.

"हे डिंकी नोहोय."

कौसा रडायला लागली. "लेकरं उपाशी होते वं माय."

"मले खायाचे तांदूळ मांगतले असते तं दिले असते. माह्या घरी खायाचे नव्हते का? बिजाई काहून खाल्ली?"

त्यानंतर कौसाला डिंकीचा दाणा मिळाला नाही. कौसा दर वर्षी अनसामायच्याच बांधीत रोवणीला जायची, कारण दुसरं काम नव्हतं. शेवटच्या दिवशी अनसामाय मुटके वाटत बायांच्या रांगेतून चालायची आणि कौसापाशी आली की एक पाऊल लांब टाकून पुढे जायची. पहिली काही वर्षं कौसा हात पुढे करायची. मग तिने हात पुढे करणं सोडलं. ती मेली तेव्हा तेरवीला लागेल तेवढा सगळा तांदूळ अनसामायच्या घरून गेला. "खायाचे हायत," असं सांगून पाठवला.

असल्या बाईशी मी सौदा करायला गेलो.

नागपूरचा एक माणूस जुन्या वाणांचे तांदूळ पाकिटात भरून विकायचा. त्याने माझ्याकडे टोलीतून आलेला डिंकीचा मुटका खाल्ला आणि म्हणाला, माल लावा, सगळा मी घेतो, पण हा तांदूळ दुसऱ्या कोणाकडे दिसता कामा नये. तलावाखालची पाच एकर जमीन मी त्याच आठवड्यात ठेक्याने घेतली आणि टोलीत गेलो.

"बिजाई विकत नाही," अनसामाय म्हणाली.

"विकत नको देऊ. बदल्यात काही माग."

"बिजाईच्या बदली बिजाई. तीज आली का पायली घेऊन ये, भरून देतो."

"एका पायलीनं माझं काय होते?"

"माह्या सासूचं घर एका पायलीनं उभं राहिलं. तुह्यावाला पेट मोठा हाय, त्याले मी काय करू?"

दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला मला तिचा गोठा दिसला. तणसाचं छप्पर कुजून खाली आलं होतं आणि गाभण गाय एका कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. मी धंदेवाला माणूस. कुठे दुखतं ते मला दिसतं.

"टिना टाकून देतो," मी म्हणालो. ती गायीकडे पाहत राहिली.

"किती?"

"आठ."

"बारा."

"दहा घे."

"बारा लागते. गायीचं मागचं अंग बाहेर ठेवू का?"

बारा कबूल केल्या. त्यातल्या दोन जुन्या टाकल्या, तळाला गंजलेल्या. सौद्यात तेवढं चालतं. मग मी माझी अट सांगितली. दोन बोरे बियाणं मला, आणि टोलीत यापुढे कोणाला एक दाणा द्यायचा नाही. घरीही ठेवायचं नाही.

"माह्या घरी बी नाही?"

"नाही."

"पुढच्या सालच्या तिजीले लोकं पायल्या घेऊन येतीन, त्याहीले काय सांगू?"

"संपलं म्हणून सांग."

ती आत गेली, सुपात डिंकीचं बियाणं घेऊन आली आणि माझ्यापुढे धरलं. टपोरं, स्वच्छ, एक खडा नाही. "दोन दिवसानं गाडी धाड," म्हणाली.

उकडायला एक दिवस, वैशाखाच्या उन्हात वाळवायला एक दिवस. ज्याच्या मिलमध्ये उकड्या तांदळासाठी वर्षभर धान उकडत असतं, त्या माणसाला हे दोन दिवस तेव्हाच समजायला हवे होते. डिंकीचं टरफल मुळातच गडद, उकडल्याचा रंग त्यात दिसत नाही. एक दाणा दाताखाली धरला असता तर कळलं असतं. पण दाणा चावणं ही तिची खोड होती. मी मिलचा मालक, तिच्यासारखा दाणे चावत बसणार नव्हतो.

पाऊस वेळेवर आला. आजूबाजूच्या पऱ्ह्यांत, म्हणजे रोपांच्या वाफ्यांत, हिरवी सुई निघाली, माझा पऱ्हा काळा तो काळाच. आठव्या दिवशी मी चिखलातून एक दाणा उकरला, धुतला आणि चावला. चिवट, आणि आत खडूऐवजी काचेसारखा. उकडलेला. मी तसाच मोटारसायकलवर बसलो आणि तिच्या बांधीवर गेलो. बाया ओळीने वाकून बांधीतलं गवत काढत होत्या.

"बुढे, मेलेलं बियाणं दिलं तू मले!"

ती वाकलेलीच राहिली. "उकडलेलं हाय. शिजवून पाह्य, चांगलं लागते."

ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाया हसल्या. मी बांधावरून ओरडत राहिलो, काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा ती सरळ झाली, हातातला चिखल पाण्यात धुतला आणि म्हणाली, "ओरडून कायले राहिला? टिना मेलेल्या राहते. मेलेल्याच्या बदली मेलेलं देलं. जिवंत पायजे होतं तं जिवंत घेऊन येतास. आणि बारातल्या दोन सडक्या हायत, मी काही बोलली का?"

माझी पाच एकर त्या साली पडीक राहिली. नागपूरच्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. पण खरं लागलं ते बायांचं हसणं. बोरे वाहताना ऐकलेलं जे हसणं पंचवीस वर्षं मी मागे टाकायला धडपडलो, तेच ते.

मी काय केलं ते लपवत नाही. मिलवर येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगितली, "अनसामाय बियाणं उकडून देते. पऱ्ह्यात टाकायच्या आधी चावून पाहा." यात एक शब्द खोटा नाही. कोणाला दिलं, का दिलं, ते मी सांगितलं नाही. ते कोणी विचारलंही नाही.

पुढच्या अक्षय तृतीयेला तिच्या दारात सातच पायल्या आल्या. पहिलाच जो होता, ज्याच्या आज्यापासून त्या घरात डिंकी जात होतं, त्याने भरलेली पायली हातात घेतली आणि तिच्यासमोर एक दाणा उचलून दाताखाली धरला. तिने त्याच्या हातातली पायली ओढून घेतली, परत ढोलीत ओतली आणि सातही जणांसमोर दार लावलं. त्याच्या पुढच्या वर्षी कोणीच आलं नाही. दुकानातल्या पिशवीत नव्वद दिवसांत येणारं बियाणं मिळत होतं, त्यावर चित्र होतं, आणि ते कोणी चावून पाहत नव्हतं. रोवणीच्या शेवटच्या दिवशी बायांना बिस्किटाचे पुडे मिळू लागले.

दोन वर्षं ती एकटीच एक बांधी डिंकी लावत होती. मग तलावाच्या पाळीवरून घसरून तिचं कमरेचं हाड मोडलं. यादव नावाचा तिचा मुलगा, साधा माणूस, त्याने जमीन ठेक्याने देऊन टाकली. नव्या माणसाने हलकं धान लावलं. उरलेलं डिंकी तिने राख मिसळून एका मडक्यात भरलं आणि मडकं खाटेखाली ठेवलं. इतर तीन ढोल्यांतलं काय झालं ते मी विचारलं नाही.

यंदा वैशाखात नागपूरच्या माणसाचा पुन्हा निरोप आला. त्याला ते धान आसपास कुठेच मिळालं नव्हतं. मी चार दिवस विचार केला आणि यादवकडे निरोप धाडला, गुरुवारी सकाळी येतो, तीज होऊन गेली आहे पण पायली घेऊन येतो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठे तरी भाव न ठरवता चाललो होतो.

ती गोठ्यात खाटेवर पडलेली होती, माझ्या टिनांच्या खाली. उन्हाने टिना तडतडत होत्या. घरात सुनेला तिचा वास सोसत नव्हता म्हणून खाट गायीशेजारी टाकली होती. अंगाचं चिपाड झालेलं, पण डोळे तेच. गंजलेल्या दोन टिना बरोबर तिच्या डोक्यावर होत्या. त्यांच्या भोकांतून उन्हाचे कवडसे तिच्या पातळावर पडले होते.

"बोरेवाला आला का? पायली आणली?"

मी पायली दाखवली.

"बस. आधी खाऊन घे."

सुनेने पळसाच्या पानावर मुटका आणून ठेवला. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गूळ, वाफ आणि तो चिकट, जड दाणा. मी सगळा खाल्ला, बोटं चाटली. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"आखीन हाय," ती म्हणाली. "मडकाभर शिजवलं."

मग मला कळलं. खाटेखाली मडकं आडवं पडलं होतं, राखेसकट रिकामं.

"मेलं होतं का?" मी विचारलं. "जुनं झालं म्हणून शिजवलं ना?"

तिने उशाखालून ओल्या फडक्याची पुरचुंडी काढली आणि सोडली. दहा दाणे मोजून टाकले होते. सातांना पांढरे कोंब फुटले होते.

"परवा बांधली होती. तुहा निरोप आला त्या दिवशी."

मी मुटक्याचे हात तसेच पुढे केले. "हे सात दे. माय, हे सात तरी दे." मी तिला माय म्हटलं ते त्या एकाच वेळी.

"कौसानं बिजाई खाल्ली तं लेकरं जगवाले खाल्ली," ती म्हणाली. "मी तिच्या हातावरून पाय टाकून गेली. तू कोणासाठी खाल्ली रे?"

आणि तिने फडकं खाटेखाली झटकलं. तिथे कोंबड्या होत्याच. मी गुडघ्यावर बसलो, हात घातला, कोंबडी टोचली. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं. मी वर पाहिलं तेव्हा एक दाणा फडक्याला चिकटून राहिला होता. तिने तो नखाने काढला, कोंब वर करून उजेडात पाहिला, आणि त्या दोन दातांत धरून दात मिटले. कट्ट.

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. भादव्यात गेली. यादव सांगायला आला होता, मी गेलो नाही.

आता टोलीतले लोक म्हणतात, बोरेवाल्याने डिंकी संपवलं. मी म्हणतो, तिने संपवलं, माझ्या पोटात घालून संपवलं. ते जाऊ द्या. ती उत्तर द्यायला नाही आणि माझं उत्तर मी वर लिहिलं आहे. पण वीस-पंचवीस घरं अजून तिथेच आहेत. त्या घरांच्या तीन पिढ्या तिच्या हातचं बियाणं पेरून जेवल्या. एकदाही, त्यांतल्या कोणालाही, तिने मेलेला दाणा दिला नव्हता. आणि मी? ओल नसताना ओल आहे म्हणणारा माणूस. माझं प्रत्येक वाक्य ते मिलवर उभे राहून अर्ध्यावर कापतात, माझ्या काट्यावर स्वतःचं वजन ठेवून तो तपासतात. मग या एकाच वेळी, माझ्या एकाच वाक्यावर, त्यांनी विश्वास का ठेवला? मला कोणी तरी उत्तर द्या. टोलीतल्या कोणीही यावं, मिल सकाळी सातला उघडते.